बेपत्ता बायांची बेरीज



डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनावर आपण नेलेल्या मोर्च्याचे पत्रक तुमच्यापैकी काहीजणींच्या पिशवीत अजून असेल. पिवळा कागद, आणि वर ठळक अक्षरांत ओळ : '२०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १,९१,४३३ बाया-मुली बेपत्ता! गृहखाते झोपले आहे काय?' ते पत्रक मी लिहिले होते. यशवंत स्टेडियमपासून निघून मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलिसांनी अडवेपर्यंत तो आकडा घोषणेत बसवून आपण घसे कोरडे केले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने तो छापलाही.

तो आकडा चुकीचा होता. सरकारी कागदावर तो आहे, मी मनाने लिहिला नव्हता. पण त्याचा जो अर्थ आपण लोकांना सांगितला, तो त्याचा अर्थ नव्हे. या अंकाचे संपादकीय त्या चुकीबद्दल आहे. आणि तीच चूक जाणूनबुजून, सोयीप्रमाणे, कधी इकडून तर कधी तिकडून करणाऱ्या राजकीय पक्षांबद्दलही आहे.

२०२३ चे ते वर्ष आठवा. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षा रूपाली चाकणकर यांनी सांगितले की जानेवारीत १,६००, फेब्रुवारीत १,८१० आणि मार्चमध्ये २,२०० मुली राज्यातून बेपत्ता झाल्या. वर्तमानपत्रांनी भागाकार केला आणि 'दररोज सत्तर मुली बेपत्ता' असे मथळे झळकले. त्यानंतर शरद पवारांनी पत्रकार परिषद घेऊन २३ जानेवारी ते २३ मे या चार महिन्यांचा काही शहरांचा व जिल्ह्यांचा मिळून ६,८८९ हा आकडा दिला आणि गृहखात्याला जाब विचारला. गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे उत्तर असे, की बेपत्ता झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या घरात स्त्रिया परत येतात, तेव्हा भीती पसरवू नका. जुलैत संसदेत केंद्रीय गृहखात्याने तक्ता ठेवला : तीन वर्षांत देशातून अठरा वर्षांवरील १०,६१,६४८ स्त्रिया आणि त्याखालील २,५१,४३० मुली बेपत्ता. त्यात महाराष्ट्राच्या स्त्रिया १,७८,४०० आणि मुली १३,०३३. आमच्या पत्रकातली बेरीज ती हीच.

पक्ष बदलले की भूमिकाही कशा बदलतात, हे पाहण्यासारखे आहे. त्याच मे महिन्यात गुजरातेत पाच वर्षांत ४१,६२१ स्त्रिया बेपत्ता झाल्याची बातमी आली, तेव्हा तिथल्या पोलिसांनी लगोलग खुलासा केला की त्यातल्या ३९,४९७, म्हणजे जवळजवळ ९५ टक्के, सापडल्या. खरे म्हणजे हा प्रश्न कुठल्याच एका पक्षाच्या राज्यातला नाही. महाराष्ट्राची ती तीन वर्षेसुद्धा दोन सरकारांत वाटलेली आहेत. नोव्हेंबर २०१९ पर्यंत एक, नंतर दुसरे. पण सभेत असे बोलून टाळी मिळत नाही.

आमची चूक कळली ती अशी. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बेपत्ता स्त्रियांबद्दल एक जनहित याचिका आली. तिच्यात केंद्रीय गृहखात्याच्याच हवाल्याने महाराष्ट्राचे आकडे होते : २०१९ मध्ये ३५,९९०, २०२० मध्ये ३०,०८९, २०२१ मध्ये ३४,७६३. एकूण १,००,८४२. वर्तमानपत्रात ते वाचून आपल्या केंद्रातली सर्वात लहान कार्यकर्ती, जी दिवसा एका दुकानात संगणकावर हिशेब लिहिते, माझ्यापुढे पत्रक घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, आपल्या कागदावर एक लाख एक्क्याण्णव हजार, इथं एक लाख. राज्य तेच, सालं तेच. उरलेल्या नव्वद हजार बाया आपण कुठून आणल्या?"

मला उत्तर देता येईना. एम.एस.डब्ल्यू. करताना संशोधनपद्धती नावाचा एक अख्खा पेपर मी दिला होता, चांगले गुणही मिळाले होते. पण ओळखीच्या बाजूचा आकडा दिसला की तपासायचा राहून जातो, हे त्या पेपरात नव्हते.

मग दोघी बसलो. तिने दोन्ही तक्ते संगणकावर शेजारी शेजारी मांडले. संसदेच्या तक्त्यात महाराष्ट्राच्या स्त्रिया सालवार अशा : ६३,१६७, ५८,७३५, ५६,४९८. याचिकेतल्या आकड्यांपेक्षा दरवर्षी वीस ते तीस हजारांनी जास्त. इतका मोठा फरक दरवर्षी एकाच बाजूला पडतो, म्हणजे ती छपाईची चूक नव्हे. मोजण्याची रीतच वेगळी असली पाहिजे. ती कुठली, हे आम्हांला मुलांच्या आकड्याने दाखवले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात त्या वर्षी देशभरात ७७,५३५ मुले बेपत्ता झाल्याची नोंद आहे, मुलगे आणि मुली धरून. आणि संसदेतला तक्ता म्हणतो की त्याच वर्षी ९०,११३ मुली बेपत्ता झाल्या. सगळ्या मुलांपेक्षा नुसत्या मुली जास्त कशा होतील?

होतात. मागची शिल्लक धरली तर होतात. गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात रकाने असतात : मागील वर्षांतील न सापडलेल्या, या वर्षी बेपत्ता झालेल्या, दोहोंची बेरीज, आणि सापडलेल्या. संसदेत गेला तो बेरजेचा रकाना असणार. एका वर्षापुरता तो बरोबर आहे, कारण तेवढ्यांचा शोध त्या वर्षी चालू होता. पण तीन वर्षांचे असे रकाने एकाखाली एक ठेवून बेरीज केली की २०१८ साली गेलेली आणि अजून न सापडलेली बाई २०१९ मध्ये मोजली जाते, २०२० मध्ये मोजली जाते, २०२१ मध्ये पुन्हा मोजली जाते. एक बाई, तीनदा. घरचा हिशेब लिहिणारी कुठलीही बाई वाण्याची जुनी उधारी दर महिन्याला नव्याने खर्चात धरत नाही. आपण धरली. आणि संसदेतला तो तक्ता वाचून 'तेरा लाख' म्हणणारे देशभरचे पुढारी आणि संपादकही धरत आले.

आता नव्वद टक्क्यांकडे येऊ. तेही खोटे नाही, पण अर्धेच आहे. समजा एका जिल्ह्यात दरवर्षी शंभर बाया बेपत्ता होतात आणि त्यांतल्या नव्वद सापडतात. दहा मागे राहतात. दहा वर्षांनी मागे राहिलेल्या शंभर होतात. अकराव्या वर्षी पुन्हा शंभर गेल्या आणि नव्वद सापडल्या. गृहमंत्री म्हणतील, नव्वद टक्के सापडल्या. विरोधी पक्ष बेरजेचा रकाना दाखवून म्हणेल, दोनशेपैकी नव्वद, पंचेचाळीस टक्केच. दोघांच्या हातांत एकच कागद, दोघेही खरे बोलतात. आणि त्या न सापडलेल्या शंभरांबद्दल दोघांनाही काही सांगायचे नसते. शिवाय चालू वर्षाच्या चार महिन्यांचा आकडा कोणी फेकला तर तो नेहमीच भयंकर दिसणार, कारण शोधाला वेळच मिळालेला नसतो. म्हणून सभेत टक्केवारी ऐकली की पहिला प्रश्न हा : कशाच्या शंभरातले?

दुसरा प्रश्न शब्दाचा. 'रोज सत्तर मुली' यातल्या मुली कोण? त्या आकड्यातल्या अठरा ते पंचवीस वयाच्या होत्या, म्हणजे कायद्याने सज्ञान स्त्रिया. अठराखालच्या मुलींची नोंद वेगळी होते. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन' खटल्यात आदेश दिला, की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असे गृहीत धरून गुन्हाच नोंदवायचा. त्यामुळे सोळा वर्षांची मुलगी गेली की अपहरणाचा गुन्हा दाखल होतो, आणि एकोणीस वर्षांची गेली की 'मिसिंग'च्या रजिस्टरात एक ओळ. संसदेच्या तक्त्यात मध्य प्रदेशच्या १,६०,१८० स्त्रियांबरोबर ३८,२३४ मुली आहेत, आणि महाराष्ट्राच्या १,७८,४०० स्त्रियांबरोबर फक्त १३,०३३. मुली इथे एवढ्या सुरक्षित आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे. माझा अंदाज असा, की बऱ्याचशा मुली आपल्याकडे अपहरणाच्या रकान्यात बसलेल्या आहेत. म्हणजे बेपत्ता मुली कमी म्हणून पाठ थोपटून घेणाराही फसतो, आणि अपहरणे वाढली म्हणून छाती बडवणाराही फसतो.

हा नुसता गणिताचा खेळ नव्हे. आकडा घराघरांत जातो तेव्हा काय होते ते आपण वस्त्यांत बघितले आहे. 'रोज सत्तर' छापून आले त्या महिन्यात आपल्या शिवणवर्गातल्या तीन मुली यायच्या बंद झाल्या. एकीच्या वडिलांना मी भेटले. भला माणूस, आरा मशीनवर काम करणारा. म्हणाला, "बाई, पेपरातच आलं ना. पोरगी घरी असलेली बरी." पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. ती कुठल्याच रजिस्टरात बेपत्ता नाही.

आणि भीतीच्या या शेतात दुसरेही पीक घेतले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवणारी 'कुटुंब समन्वय समिती' नेमली. आधी तिच्यात आंतरजातीय विवाहही घातले होते, ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत ते काढले. मार्च २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधानसभेत सांगितले, की राज्यात 'लव्ह जिहाद'ची एक लाखाहून अधिक प्रकरणे आहेत. एक लाख! कोणत्या ठाण्यात, कोणत्या कलमाखाली, कोणत्या सालात? केंद्राच्याच गृहराज्यमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये लोकसभेत लेखी उत्तर दिले आहे, की या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही आणि केंद्रीय संस्थांनी असे एकही प्रकरण नोंदवलेले नाही. ज्याची व्याख्या नाही, त्याची मोजणी कशी झाली? पण लाख हा आकडा कानाला ओळखीचा वाटतो, कारण बेपत्ता स्त्रियांचे लाख आपण सगळ्यांनी आधीच ऐकवून ठेवलेले असतात. आपल्या पिवळ्या पत्रकानेही ते ऐकवले. माझ्या मनाला हे सर्वात जास्त लागले.

तरीही प्रश्न खरा आहे. चुकीची बेरीज सोडली तरी एक लाख उरतात. तीन वर्षांत एक लाख बाया आणि मुली घरातून गेल्या, हे काही थोडे नव्हे. त्या का गेल्या, हे मात्र कुठल्याही पक्षाच्या निवेदनात सापडत नाही. आपल्या केंद्रात येणाऱ्या बायांवरून आपल्याला थोडेफार ठाऊक आहे. नवऱ्याच्या माराला कंटाळून गेलेल्या असतात. मनाविरुद्ध ठरलेल्या लग्नाच्या आदल्या रात्री गेलेल्या असतात, आवडीच्या मुलाबरोबर गेलेल्या असतात. डोके ठिकाणावर नसलेल्या, रेल्वेत बसून कुठेतरी उतरलेल्या असतात. आणि कामाच्या किंवा लग्नाच्या आमिषाने मध्य प्रदेशात, राजस्थानात नेऊन विकलेल्याही असतात. विदर्भातल्या गरीब घरांना हे नवे नाही. रजिस्टरात या सगळ्यांना एकच शब्द आहे.

'सापडली' हाही तसाच शब्द. एक बाई सांगते, नाव सांगत नाही. दोन लेकरे आईकडे ठेवून ती घर सोडून गेली आणि दुसऱ्या जिल्ह्यात एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली. महिन्याभरात खोलीही घेतली होती. नवऱ्याने 'मिसिंग' दिली. पोलिसांनी तिला शोधून ठाण्यात आणले, जबाब घेतला. बाहेर बाकावर नवरा, दीर आणि वस्तीतला एक पुढारी. हवालदार म्हणाला, "आता घरी जा, केस बंद करतो." सज्ञान स्त्रीला कुठे राहायचे ते ठरवण्याचा हक्क आहे, पत्ता घरच्यांना न सांगण्याचाही आहे, हे तिला कोणी सांगितले नाही. दीड महिन्याने ती आपल्या केंद्रात आली तेव्हा उजवा हात गळ्यात होता. गृहखात्याच्या हिशेबी ही बाई नव्वद टक्क्यांतली आहे, सापडलेली.

आणि दुसरी एक आई आहे. तिची लेक तीन वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ही आई ठाण्यात जाऊन बसते. तिला एकदा मीच तो नव्वद टक्क्यांचा दिलासा दिला होता, आता आठवले की लाज वाटते. ती म्हणाली, "मग माह्या पोरीचाच नंबर दहात काऊन लागला?"

इतर विधानांचीही हीच गत. 'स्त्रियांवरील अत्याचारांत महाराष्ट्र देशात दुसरा' हे वाक्य दरवर्षी अहवाल आला की विधानभवनाच्या पायऱ्यांवर ऐकू येते. २०२२ च्या अहवालात उत्तर प्रदेशात ६५,७४३ गुन्हे, महाराष्ट्रात ४५,३३१. विरोधक तेवढे वाचतात. सत्ताधारी म्हणतात लोकसंख्येशी प्रमाण काढा. काढले तर दर लाख स्त्रियांमागे उत्तर प्रदेश ५८.६ आणि महाराष्ट्र ७५.१, देशाची सरासरी ६६.४. म्हणजे प्रमाण काढून महाराष्ट्राचे चित्र सुधारत नाहीच, उत्तर प्रदेशचे तेवढे सुधारते. पण थांबा. पोलिसांत नोंदलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा यांत केवढी दरी आहे ते पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या १४ टक्के, आणि कोणालाही न सांगणाऱ्या ७७ टक्के. जिथे बाई ठाण्याची पायरी चढू शकते तिथला आकडा फुगतो. शिवाय एका तक्रारीत चार गुन्हे असले तरी सर्वात गंभीर तो एकच मोजायचा, अशी गुन्हे नोंद विभागाची रीत आहे. आणि हे 'दर लाख' ज्या लोकसंख्येवर काढायचे ती २०११ च्या जनगणनेवरून पुढे ढकललेली अंदाजी लोकसंख्या. एवढे सगळे माहीत असून एखादा प्रवक्ता 'पहिला-दुसरा' करत बसला तर तो आपल्याला अडाणी समजतो, असेच म्हणायचे.

मग तपासायचे कोणी? सरकारने स्वतःच एक उत्तर काढले होते. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची कोणती माहिती खोटी ते सरकारचाच तथ्य-तपासणी कक्ष ठरवील, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये केला गेला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते विरुद्ध पडली, तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द झाला. सासूच्या तक्रारीवर निवाडा सासूकडेच, असला तो प्रकार होता, गेला ते बरे झाले. पण आपण आपल्याच पत्रकाचा निवाडा आपणच करणार असू तर आपलीही सासूच होते, हे विसरून चालणार नाही.

ही दुरुस्ती छापावी की नाही यावर आपल्या बैठकीत चांगलाच वाद झाला. ऐंशीच्या दशकापासून चळवळीत असलेल्या एक ताई म्हणाल्या, "आपण आकडा अर्ध्यावर आणला तर सरकार टाळ्या पिटेल. मोठ्या आकड्याशिवाय कोणता पत्रकार आपल्याकडे बघतो?" त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. आपला पहिला जाहीर आक्रोश मथुरेच्या एका प्रकरणावर झाला, तेव्हा आकडे नव्हतेच. एका आदिवासी मुलीवर आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या ठाण्यात, झालेला अत्याचार पुरेसा होता. पण आपणच पुढे मोजायलाही शिकलो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढणाऱ्या गटांनी दवाखान्यांची पाहणी केली, प्रमाणे काढली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या, हेही आपण मोजूनच ओरडून सांगितले. ते आकडे कोणी खोडू शकले नाही. पिवळ्या पत्रकातला आकडा एका दुकानात हिशेब लिहिणाऱ्या पोरीने चहा निवायच्या आत खोडला. विधानसभेत एखाद्या मंत्र्याने तो खोडला असता, तर त्या एक लाख बायांची बाजूही त्याच्याबरोबर गेली असती.

ताईंचे समाधान झाले नाही. त्यांचे पत्र पुढच्या अंकात छापू.

दरम्यान नागपुरातल्या तीन पोलीस ठाण्यांत माहिती अधिकाराचे अर्ज टाकले आहेत, प्रत्येकी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. विचारले एवढेच : गेल्या पाच वर्षांत अठरा वर्षांवरील किती स्त्रियांच्या बेपत्ता तक्रारी नव्याने आल्या, त्याच वर्षातल्या किती सापडल्या आणि मागच्या वर्षांतल्या किती, सापडलेल्यांपैकी किती घरी गेल्या, किती वसतिगृहात, किती स्वतःच्या मर्जीने वेगळ्या राहिल्या, आणि जाण्याचे कारण काय नोंदले. तुमच्या गावच्या ठाण्यात हाच अर्ज टाकायचा असेल तर नमुना केंद्रात मिळेल. उत्तर तीस दिवसांत यायला हवे.

एका ठाण्याचे उत्तर आले आहे. तक्ता नीट टाईप केलेला आहे. कारणाचा रकाना आहे, पण पाचही वर्षे कोरा. तो कोरा का, हे विचारायला आमची ती हिशेब लिहिणारी कार्यकर्ती गेली, तेव्हा टेबलावरच्या जमादाराने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "कोणत्या पक्षाच्या तुम्ही?" तिने दुसरा अर्ज पुढे केला आणि पोच मागितली.